तारखेचा रकाना

धायरी, पुणे
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं धरून पुढं लिहितो. ती विचारायचा हक्क गेल्या तीन आठवड्यांत मी घालवून बसलोय. आम्ही इकडं ठीक आहोत. सृष्टीच्या शाळेत चाचण्या सुरू आहेत, त्यामुळं जेवायच्या टेबलावर तिनं तपासायच्या पेपरांचे गठ्ठे असतात आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो. सोसायटीत टँकर एक दिवसाआड येतो आणि ग्रुपवर त्यावरून रोज भांडण होतं. म्हणजे सगळं सुरळीत आहे.

एकाच शहरात राहून मी तुला पोस्टानं पत्र पाठवतोय याचं तुला हसू येईल. धायरीहून उंबरमळ्याला दोन बस आणि सव्वा तास लागतो. पत्राला तीन दिवस लागतील. पण फोनवर तू "बोल, वैजू" म्हणालीस की माझं तोंड बंद होतं. शिवाय तू फोन स्पीकरवर टाकून लसींच्या नोंदी करत बसतेस आणि शेजारी तुमच्या आशा सेविका द्वारकाबाई असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगायची हिंमत नाही. तुझ्यासमोर तरी कुठं आहे.

काल राखी पौर्णिमा होती आणि मी आलो नाही. मला ताप आहे असं सृष्टीनं तुला फोन करून सांगितलं. मला ताप नव्हता. मी शेजारच्या खोलीत कॉटवर बसून ऐकत होतो. तू तिला गोळी किती तासांनी द्यायची ते सांगितलंस. ताप तीन दिवसांवर गेला तर रक्त तपासून घ्या, डेंग्यूचे पेशंट वाढलेत, असंही सांगितलंस. ती "हो अक्का, हो अक्का" म्हणत राहिली. फोन ठेवून आत आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं झालं तर आपलं आपण बोलत जा." बरोबरच आहे तिचं. तू राखी पाठवून देईन म्हणालीस. पाठवू नकोस.

तीन आठवडे मी फोन घेतला नाही, कारण ऑफिसात काम फार होतं. संसदेचं अधिवेशन चालू असलं की आमच्याकडं माहिती मागणाऱ्यांची रीघ लागते, हे तुला माहीत आहे.

तू मला एक काम सांगितलं होतंस. अठरा जुलैला केंद्राची सिस्टर म्हणून तुला आदेश आला आणि त्याचा फोटो तू मला पाठवलास. ज्या आरोग्य केंद्रांत निधीचा वापर कमी आहे अशी एकतीस केंद्रं जवळच्या मोठ्या दवाखान्यात विलीन करायची, यादीत नववं नाव उंबरमळा, हरकती असतील तर सुनावणी वीस ऑगस्टला. खाली बारीक अक्षरात आधार दिला होता : "त्रयस्थ संस्थेचा अभ्यास, प्रकरण चौथे." फोटोखाली तू लिहिलं होतंस, "तू याच लाइनीत आहेस. हे कुणी लिहिलं तेवढं शोधून काढ. माझं भांडण नाही. एकदा त्याला इथं घेऊन ये. मी चहा करते, त्याला रजिस्टरं दाखवते. शिकलेला माणूस आहे, समजेल त्याला." मी उत्तर दिलं, "बघतो."

अक्का, शोधायला मला क्षणभरही लागला नाही. तो त्रयस्थ मीच आहे. चौथं प्रकरण मी लिहिलं.

ही एक ओळ लिहायला मला तीन आठवडे लागले. अधिवेशनाचं काम वगैरे वर लिहिलंय ते खरं नाही. काम नेहमीएवढंच होतं. पडद्यावर तुझं नाव आलं की मी फोन उलटा करून ठेवत होतो.

आता काय लिहिलं ते सांगतो, कारण सुनावणीत तुला ते उपयोगी पडेल. माझं काम नेमकं काय, हे तू कधी खोदून विचारलं नाहीस. लोकांना सांगायचीस, "दिल्लीच्या पैशांवर नजर ठेवतो." तेवढं बरोबर होतं. केंद्र सरकार सार्वजनिक आरोग्याच्या योजनांसाठी दरवर्षी किती रक्कम ठेवतं आणि त्यातली खरोखर किती खर्च होते, याचा दहा वर्षांचा कल आम्ही मांडला. नुसत्या रुपयांत मोजलं की रेघ दरवर्षी वर जाते. महागाई वजा केली की तीच रेघ आडवी पडायला लागते. करोनाच्या काळात एक उंचवटा येतो, मग ती परत खाली बसते. देशाच्या उत्पन्नातले अडीच टक्के सरकारांनी मिळून आरोग्यावर घालावेत असं धोरणात लिहून आठ वर्षं झाली, अजून तिथं पोचलेलो नाही. हे सगळं तिसऱ्या प्रकरणात आहे. ते मी नीट लिहिलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही.

चौथ्याची वाटते. चौथं प्रकरण होतं दिलेला पैसा खालच्या केंद्रांत खर्च होतो का यावर. दोनशे बारा केंद्रं घेतली. प्रत्येकाला मिळालेली रक्कम, खर्च झालेली रक्कम, परत गेलेली रक्कम. ज्यांनी बहुतेक परत पाठवली त्यांच्यापुढं मी लिहिलं, "स्थानिक मागणीचा अभाव." दिल्लीत अहवाल सादर केला तेव्हा या प्रकरणाचं फार कौतुक झालं. ज्याला खर्च वाढवायचा नसतो त्याला, दिलेलेच संपत नाहीत, हे ऐकायला गोड लागतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण कौतुक माझं होत होतं.

तुझ्या केंद्राचा पैसा का परत जातो हे या देशात दोन माणसांना नक्की माहीत होतं. एक तू आणि दुसरा मी. वर्षाचा निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. एकतीस तारखेला उरलेला परत जातो. मधल्या तीन-चार दिवसांत बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ओळखीच्या दुकानातून बिलं येतात, कपाटं येतात, पडदे येतात. एका केंद्रात मी पाच लोखंडी कपाटं पाहिली आहेत, पाचही रिकामी. तू ते कधी केलं नाहीस. तीन दिवसांत मिळेल ते घ्यायचं आणि उरलेलं पत्र लिहून परत करायचं. आणि ते पत्र कोण लिहायचं, अक्का? बाबा गेल्यावर तू मला अंबाजोगाईहून आणलंस आणि केंद्रामागच्या खोलीत ठेवलंस. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लग्नापर्यंत दर मार्चला ते पत्र मी टाइप केलं. तू सांगायचीस, मी लिहायचो : "सदर रक्कम अठ्ठावीस तारखेस मिळाली. तीन दिवसांत ती प्रामाणिकपणे खर्च करणे शक्य नाही. म्हणून परत करीत आहे. एप्रिलमध्ये पाठविल्यास प्रसूतीचे टेबल घेता येईल." मी म्हणायचो, प्रामाणिकपणे हा शब्द काढ, वरचे चिडतील. तू म्हणायचीस, "चिडू दे. तोच तर शब्द आहे."

ती सात-आठ पत्रं मी स्वतः लिहिली. आणि तोच पैसा परत गेलेला दिसला तेव्हा त्यापुढं मागणीचा अभाव असंही मीच लिहिलं. कपाटवाल्या केंद्राला माझ्या तक्त्यात हिरवा रंग आहे, शेरा "उत्कृष्ट वापर". तुझ्या केंद्राला लाल.

सृष्टी गठ्ठे आवरून जेवायला वाढतेय. बाकीचं नंतर लिहितो. खरं तर भूक नाही, पण पुढचं लिहायचं टाळायला जेवण बरं पडेल.

मंगळवार, १२ ऑगस्ट

रविवारी लिहिलेलं आत्ता वाचलं. पैसा का परत जातो हे मला माहीत होतं, एवढं लिहून मी थांबलो. वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा कामाच्या रगाड्यात विसरला असेल. मी विसरलो नव्हतो.

आमच्या मूळ तक्त्यात आणखी एक रकाना होता. पैसे केंद्राच्या खात्यात जमा झाल्याची तारीख. तो रकाना मीच मागवला होता, तुझ्या पत्रांची आठवण ठेवूनच. एकसष्ट केंद्रांच्या तारखा आल्याच नाहीत. बाकीच्यांच्या आल्या, त्यांत निम्म्याहून जास्त मार्चच्या होत्या. तो रकाना ठेवला असता तर प्रकरणाचा निष्कर्षच उलटा झाला असता. पैसा खाली मुरत नाही असं नाही, तो पोचतोच उशिरा, असं लिहावं लागलं असतं. पण मग उरलेल्या एकसष्ट तारखा मिळवायला तीन महिने गेले असते, आणि दिल्लीची तारीख पाच आठवड्यांवर होती. नम्रता मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालिकांनी, तो रकाना काढायला लावला. त्या म्हणाल्या, "लोमटे, तळटिपा वाचायला लोक दिल्लीत जमत नाहीत."

वरचं वाक्य त्या खरोखर म्हणाल्या. पण त्यांनी काढायला लावला, हे मी आत्ता लिहिलं आणि ते खोटं आहे. खोडत नाही, मी अजूनही कसा सुटायला बघतो ते तुला दिसू दे. तळटिपांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "ठेवायचा की काढायचा, तू ठरव. तू असल्या केंद्रात वाढलायस, मी नाही. तू म्हणशील तर तारीख पुढं ढकलून मागते." त्यांनी विचारलं होतं, अक्का. चहाचा कप हातात घेऊन, सरळ माझ्याकडं बघत विचारलं होतं. मी म्हटलं, "काढू या, अपुरी माहिती ठेवण्यापेक्षा बरं." दिल्लीला मी पहिल्यांदाच बोलणार होतो आणि जानेवारीत माझी नोकरी कायम व्हायची होती. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

आता त्याहून वाईट. छपाईला जायच्या आदल्या दिवशी मी यादी शेवटची वाचत होतो आणि उंबरमळ्याची ओळ समोर आली. निधी-वापर एकोणीस टक्के. लाल रंग. त्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. पहिला विचार असा आला, की दोनशे बाराची दोनशे अकरा करू, कुणाला कळणार आहे. मग स्वतःलाच दम दिला, की बहिणीचं केंद्र आहे म्हणून वगळणं हा पक्षपात झाला. मी ती ओळ तशीच ठेवली आणि स्वतःची पाठ थोपटली. घरी जाताना बसमध्ये मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे तुला सांगायला मला सगळ्यात जड जातंय. तू मला प्रामाणिकपणा शिकवलास आणि मी तो इतका बिनखर्चाचा करून टाकला. रकाना परत ठेवायचा हा तिसरा रस्ता समोर होता. तिकडं मी बघितलंसुद्धा नाही.

मग दिल्ली झाली. परतल्यावर तुला फोन केला, की अहवाल गाजला, मोठमोठ्या लोकांनी हात मिळवला. कसला अहवाल हे तू विचारलं होतंस. मी म्हटलं, सरकारी खर्चाचा, तुला कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी मला फोटो पाठवला. तू टेबलामागं उभी, पांढऱ्या साडीवर स्वेटर, हातात पेढ्यांचा पुडा, आणि लसीला आलेल्या बायका तोंडभर हसतायत. ज्या कागदानं केंद्र बंद होणार त्याचे पेढे तू त्याच केंद्रात वाटलेस. तो फोटो मी तेव्हा ऑफिसात चौघांना दाखवला होता. आता तो समोर आला की मी पडदा बंद करतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. गेल्या गुरुवारी मी उंबरमळ्याला आलो होतो. तुला माहीत नाही. द्वारकाबाईंना मी शपथ घातली होती, त्यांनी ती पाळली असं दिसतं. सांगून टाकायचं असं ठरवूनच निघालो होतो. स्टॉपवर उतरलो, पाराच्या पुढं आलो आणि तुमच्या फाटकापाशी पाय थांबले. आतून तुझा आवाज येत होता. कुणाला तरी, मीठ कमी म्हणजे कमी, लोणचंसुद्धा नाही, असं दटावत होतीस. बाहेर रांगेत अकरा बायका होत्या. मी मोजल्या, सवयच आहे.

द्वारकाबाई बाहेर आल्या. "दादा, हितं का उभं? आत या की. ताई हायेत."

मी म्हटलं, घाईत आहे, इकडून चाललो होतो.

"घाईत काय. चा तरी घ्या. ताई सगळ्यांला सांगत्यात, माझा भाऊ त्याच लायनीत हाय, तो बघंल. आमी बी तेच सांगतो बायांला. भाऊ बघनार हायेत म्हंतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आप्पासाहेबांनी मोजणीवाला आनलावता परवा. त्यांच्या आज्यानं जागा दिलेली ना दवाखान्याला. दवाखाना ऱ्हायला तर ऱ्हायली, न्हाई तर परत त्यांची. आता त्यांचं बी काय चुकलं म्हना. बिल्डर रोज दारात येतोय."

मी विचारलं, विलीन झालं तर बायका मोठ्या दवाखान्यात जाणार नाहीत का? अक्का, हा प्रश्न मी अहवालात विचारायला हवा होता. फाटकाबाहेर, आठ महिन्यांनी विचारला.

"सा किलोमीटर हाय ते. दोनदा बस बदलायची, न्हाई तर रिक्षाला दोनशे घालायचे. कशाला, तर बीपी बघायला. ती वैष्णवी बसलीय बगा, निळ्या साडीतली. मालक मार्केट यार्डात हमाली करतोय. सातवा म्हैना, बीपी चढलेलं, ताई दर दोन दिसांनी बोलवून मोजत्यात. ती ताईंला सरळ म्हनली, तिकडं न्हेलं तर मी काय यायची न्हाई. व्हईल ते व्हईल."

वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. वीस-एकवीस वर्षांची असेल. पायांवर सूज होती, चप्पल काढून बसली होती. मी द्वारकाबाईंना शपथ घातली, अक्काला सांगू नका, मी आलो होतो म्हणून, आणि वळलो. परतीची बस उशिरा आली, तेवढा वेळ स्टॉपवर पाठ करून उभा राहिलो. तू बाहेर आली असतीस आणि मला पाहिलं असतंस तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पळालो असतो बहुतेक.

दिल्लीच्या सभागृहात मी त्या बाईला मागणीचा अभाव म्हणालो होतो. तिचं नाव मला माहीत नव्हतं एवढंच. ती असणार हे मला माहीत होतं. तिच्यासारख्या बायका मी रोज कॉलेजला जाताना त्याच पायरीवर ओलांडत होतो. मागच्या खोलीत मी परीक्षेचा अभ्यास करायचो आणि भिंतीपलीकडून त्यांच्या कळा ऐकू यायच्या. हे सगळं माहीत असलेला माणूस तो तक्ता करायला बसला होता. दुसऱ्या कुणी केला असता तर ती चूक झाली असती.

काल मी नम्रता मॅडमकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तू माझी बहीण आहेस हेही. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "शुद्धिपत्रक काढू. तांत्रिक त्रुटी राहून गेली म्हणू. तेवढं पुरेल." मी म्हटलं, त्रुटी नव्हती, मला ठाऊक होतं. त्यांनी समोरचा अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "असं कागदावर लिहून देणार असशील तर आधी तुझा राजीनामा येऊ दे, मग पत्र जाऊ दे. संस्थेला इतरही वीस माणसं पोसायची आहेत." मला त्यांचा राग आला नाही. राजीनामा आज सकाळी दिला. सृष्टीला सांगितलं तेव्हा ती पेपर तपासत होती. "चार महिने माझ्या पगारात निघतील," म्हणाली, "पाचव्याच्या आत काहीतरी बघ." मग लाल पेन खाली ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिनं माझ्याशी असं वागावं एवढा मी लायक नव्हतो, तरी तिनं ठेवला.

आता मुद्द्याचं. सुनावणीसाठी मी काल एकपानी निवेदन तयार केलं होतं. फार छान झालं होतं. तारखेचा रकाना अनवधानाने वगळला गेला, त्यामुळे निष्कर्ष सदोष आहे, तरी यादीचा फेरविचार व्हावा. त्यात तू माझी बहीण आहेस हे नव्हतं. मी तुझी परताव्याची पत्रं टाइप करायचो हे नव्हतं. मॅडमनी विचारल्यावर मी काय उत्तर दिलं, हेही नव्हतं. प्रिंट काढली, वाचली आणि फाडून टाकली. तसलं निवेदन ऐकून अधिकारी म्हणतील, माहिती अपुरी होती, सगळ्यांकडूनच होतं, आणि फाइल पुढं सरकेल. माहिती अपुरी नव्हती. ती माझ्याकडं होती आणि मी ती काढून ठेवली. हे ऐकल्यावर फाइल सहज पुढं सरकणार नाही.

म्हणून हेच पत्र तू वीस तारखेला त्यांच्यापुढं ठेव. सगळं ठेव, पानं गाळू नकोस. राखीचं, खोट्या तापाचं, पेढ्यांचं, माझ्या पळून जाण्याचं, सगळं त्यातच राहू दे. सोबत दोनशे बारा केंद्रांचा पूर्ण तक्ता जोडतोय, तारखेच्या रकान्यासकट; न आलेल्या एकसष्ट तारखांच्या जागा त्यात कोऱ्याच आहेत. एकतीसपैकी बावीस केंद्रांना पैसे पंचवीस मार्चनंतर मिळाले आहेत. तुझ्या केंद्राला पाच वर्षांत चार वेळा. बाकीच्या केंद्रांच्या सिस्टर तुझ्या ओळखीच्या असतील तर त्यांनाही प्रती दे, त्यांची नावं माझ्या तक्त्यात नुसते आकडे होऊन पडली आहेत.

हे वाचून दाखवताना तुला माझी लाज वाटेल. भरल्या खोलीत आपल्या भावाचं असलं पत्र वाचायचं म्हणजे काय, हे मला कळतं. ते ओझंही मी तुझ्याच डोक्यावर देतोय, याची वेगळी लाज वाटतेय. वाचवत नसेल तर मला निरोप पाठव. मी येऊन उभ्यानं वाचीन. निरोप नाही आला तरी त्या दिवशी दहा वाजल्यापासून मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. माझ्याकडं न बघता आत गेलीस तरी चालेल.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि द्यायला तुला एक क्षणही लागणार नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. या वेळी ती इतक्या स्वस्तात घ्यायची नाही असं ठरवलंय. केंद्र राहिलं तर पुढं कधीतरी मागेन. नाही राहिलं तर वैष्णवीकडं आधी मागावी लागेल.

या पत्राखाली "तुझा वैजू" असं लिहायला हात गेला होता. अधिकाऱ्यांना त्या नावाचा उपयोग नाही आणि तुझा म्हणवून घ्यायचं माझं तोंड नाही. म्हणून पूर्ण नाव लिहितो. वर लिहिलेलं सर्व खरं आहे, आणि मी ते माहीत असून केलं.

वैजनाथ सुखदेव लोमटे
चौथ्या प्रकरणाचा लेखक